तिसऱ्या तारेची झंई

आता मला सांगा, वाद्य नीट नको का असायला? तुम्हाला सांगते, चार वर्षं लांब राहून शिकले, परत आले ते ठरवूनच, की आपल्या माणसांसाठी काहीतरी करायचं, आणि पहिल्याच संध्याकाळी आईनं ऑफिसातून येऊन पर्स ठेवली, गिटार मांडीवर घेतली, तिची ती एकुलती एक धून सुरू केली आणि अगदी शेवटी तिसरी तार... झंई! पातेल्यावरचं झाकण थरथरावं तशी! मी म्हटलं, "आई, हे असं किती वर्षं?" तर म्हणते, "काय असं?" म्हणजे बघा!

गेले घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी गिटारची मान पाहिली, खुंट्या फिरवल्या, म्हणाले, "वरच्या टोकाला ही हाडाची पट्टी आहे ना, हिच्या खाचांत तारा बसतात. तिसरी खाच झिजलीय. पण ताई, आईंना विचारलंत ना?" विचारायचं काय त्यात? मी त्यांना दमट हवा आणि लाकडाची तब्येत यावर वीस मिनिटं ऐकवलं. काका ऐकत होते, म्हणजे तारा सोडत होते. नवी पट्टी, नव्या तारा, लाकडाला तेल... वाद्य नीट नको का असायला?

संध्याकाळी आईनं वाजवलं. काय सांगू! तार अशी स्वच्छ बोलली! धून संपली. आईनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. परत पहिल्यापासून वाजवली. परत पाहिलं. तिसऱ्यांदा वाजवली, आणि उठून आत गेली, तर बाबा ओट्यापाशी, पाणी खळाखळा उकळतंय, हातात चहापत्तीचा डबा, तसेच उभे!

"अहो, चहा?"

"अगं, तुझी झंई कुठं झालीय अजून?"

सव्वीस वर्षं! झंई झाली की बाबा चहापत्ती टाकणार, आई गिटार ठेवून येईपर्यंत कप भरलेले! मी म्हटलं, "मग आई, हाक मारायची की!" तर दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी चुकीच्या घरात शिरलेय.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज नको गं." तिसऱ्या दिवशीही नको. चौथ्या दिवशी गिटार कपाटावर, खोळीची चेन लावून! बाबा घड्याळ बघून चहा करायला लागले... एकदा कडू, एकदा गार. दोघं समोरासमोर बसून पिणार, आणि घरात आवाज कसला, तर फक्त बशीचा. माझ्यामुळे, बरं का!

मान खाली घालून गेले काकांकडे. काकांनी खण उघडला, कागदाची पुडी काढली. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ताईंच्या आईंची जुनी पट्टी. लागेल.'

लागेल! पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं!

आता काय, जुनी पट्टी परत बसलीय, आणि दर महिन्याला मीच नेते गिटार. तारा पुसते, तेल लावते, सगळं शास्त्रशुद्ध. शेवटी काका तिसरी तार छेडतात, मी कान लावून ऐकते, आणि माझ्याच तोंडानं म्हणते, "काका, झंई जरा कमी पडतेय हो..."

काय करणार! वाद्य नीट नको का असायला?