वन्संची डिग्री आणि माझे सोमवार

तुम्हाला सांगते, मी सोमवार धरले ते धाकट्या नणंदेसाठी. वन्संचं शिक्षण पुरं होईपर्यंत उपवास करीन, असं महादेवाला बोलले होते. पूर्णेहून रोज रेल्वेनं परभणीच्या कॉलेजात जाऊन वन्सं बी.ए. झाल्या. लगेच सासूबाईंनी स्थळ काढलं आणि मला म्हणाल्या, "आता उद्यापन करून टाक."

मी पुरणाची डाळ चुलीवर ठेवली. तेवढ्यात वन्सं माझ्याशेजारी येऊन बसल्या. डोळे भरलेले.

"वहिनी, शिक्षण कुठं पुरं झालंय? बी.ए.च्या वर दोन वर्षांचं एम.ए. असतंय."

मी सासूबाईंना म्हणाले, "मग उद्यापन कसं करू? व्रत अर्धंच ऱ्हाईल."

अर्ध्या व्रताला सासूबाई लय भ्यायच्या. त्यांनी लेकीला विचारलं, "एम.ए.च्या वर काय असतंय?"

"पीएच.डी."

"आन् त्याच्या वर?"

"त्याच्या वर काईच न्हाई, आई."

सासूबाई लेकीकडं बघतच राहिल्या. मग देवापुढं जोडतात तसे हात त्यांनी तिच्यापुढं जोडले.

"तितवर जाऊनच ये मग. वहिनीसंगं सोमवार मीबी धरते."