लाभ, दोन, तीन

मला घरी व वसाहतीत सगळे माई म्हणतात. वय ४९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, घरचा हिशेब माझ्याकडे असतो. राहणार कारखान्यामागची कामगार वसाहत, तळमजला. समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती व धाकटा मुलगा असे राहतो. पती त्याच कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. मुलगा तिथे हंगामी कामावर आहे व बॉक्सिंग खेळतो. काल संध्याकाळी कारखान्यांच्या स्पर्धेची शेवटची लढत होती. मुलगा जिंकला तर त्याला नोकरीत कायम करू, असे कारखान्याच्या साहेबांनी सांगितले होते. एरवी मी बघायला जात नाही, मला बघवत नाही. परंतु आईवडिलांना पास फुकट होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून गेलो.

आमच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, घंटेच्या टेबलाच्या लगेच मागे होत्या. टेबलावर वेळ बघणारे वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे घंटाकाका म्हणत होते. पतींनी मला नियम समजावला तो असा: खेळाडू पडला की घंटाकाका मोठ्याने "एक" म्हणतात, रिंगमधला पंच तिथून "दोन" उचलतो व पुढे सेकंदाला एक असे मोजतो. दहा म्हणेपर्यंत उठला नाही तर हरला. घंटाकाकांचा घसा बसलेला होता.

तिसऱ्या राऊंडमध्ये समोरच्या मुलाचा ठोसा बसून माझा मुलगा कुशीवर पडला. समोरचा मुलगा लगेच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, त्याची काही चूक नाही. घंटाकाकांनी तोंड उघडले आणि त्याच वेळी मी ओरडले, "लाभ!" पुढे दोन, तीन असे मोजत राहिले. मी मुद्दाम ओरडले नाही. घाबरले की मी मोजते.

लाभ म्हणण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, धान्य मापून डब्यात भरताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटले की माप एकटे पडते, असे सासूबाई म्हणत. तोंडात तेच बसले आहे.

मी दोनवर होते तेव्हा पंच "एक" म्हणाले. मुलगा गुडघ्यावर आला व दोर धरून तसाच थांबला. पंच "नऊ" म्हणाले, त्यानंतर तो उभा राहिला. लढत पुढे चालू झाली व गुणांवर त्याला विजयी ठरवले.

त्यावर समोरच्या मुलाचे मास्तर दोरावर चढले. "दहा झाले होते! पंच विकला गेलाय! पुढच्या रांगेतल्या बाईने लाभ म्हणून खूण केली, तेव्हापासून हा सासुरवाडीला आल्यासारखा निवांत मोजत होता!" पंच म्हणाले, "मास्तर, तोंड सांभाळा. मला एक ऐकूच आला नाही, तर दोन कुठून म्हणू?" मास्तर म्हणाले, "कान घरी ठेवून येता का?" मग खुर्ची आली. कोणी फेकली ते मी पाहिले नाही, मी मुलाकडे बघत होते. पंचांची भुवई फुटली.

पंचांना मी ओळखत नाही. आज ते ठाण्यात टाके घातलेल्या कपाळाने बसले होते. त्यांनीच मला आधी नमस्कार केला. मी काय करावे ते कळले नाही.

हवालदारांनी विचारले, "माई, लाभ म्हणजे एक की शून्य? स्पष्ट सांगा, मला लिहायचंय." मी एक असे सांगितले. तेव्हा माझ्यासोबत आलेले पती म्हणाले, "एक कसा? पहिलं माप तू देवासाठी बाजूला काढतेस. डब्यात जातं ते दोनपासून. तुझ्या दहात घरात नऊच येतात, लग्न झाल्यापासून सांगतोय." हवालदार म्हणाले, "म्हणजे नऊच झाले. पोरगा वेळेत उठला. मिटलं की!"

हे ऐकून मी गोंधळले. पहिले माप देवाचे, हे खरे. परंतु ते रिकामे नसते, मापलेलेच असते. मुलगा पडला त्या पहिल्या सेकंदाला मी लाभ म्हणाले. तो सेकंद कोणाच्या डब्यात धरायचा हे मला नीट सांगता येत नाही. पंचांचा एक बरोबर की माझा लाभ, तेही मी ठरवू शकत नाही.

पती म्हणाले, "आठवत नाही असं लिहा. त्या गडबडीत कोणाला काय आठवणार?"

मला आठवते. माझ्या तोंडून दहा निघाले तेव्हा मुलाचा डावा गुडघा खाली टेकलेला होता. पंचांना आम्ही काही दिलेले नाही. घंटाकाकांचा एक माझ्या ओरडण्यात बुडाला, तो पंचांपर्यंत गेला नाही, असे मला वाटते. यावर पती उठून बाहेर गेले.

हा जबाब माझ्या विनंतीवरून मला हलक्या आवाजात वाचून दाखवला, कारण मुलगा दाराबाहेरच्या बाकावर बसला आहे. मी सांगितले तसाच लिहिला असून बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.