दिवा लागतो, ताट फिरतं, सांबार गार

...आणि वर म्हणायचं काय, तर पेटीच बिघडलेली दिली! आता तुम्हीच सांगा, एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, भांड्यात रसम ठेवून बटण दाबलं आणि आत ठिणग्या उडाल्या, तर त्यात पेटीचा काय दोष? पण ऐकून घ्यायला भामा होती ना. नव्व्याण्णव साली तंजावुरातल्या एका दुकानानं मायक्रोवेव्ह विकायला काढले आणि घरोघरी जाऊन ते समजावून द्यायला होम सायन्स शिकलेल्या भामाला नेमलं. टाउन बसनं रोज चार घरं. बंद केलं तरी आतला पंखा फिरतोच की गं? ते तसंच असतं, मामी. कडेला चटका बसतो नि मधे गारढोण? ते तसंच असतं, मधे एकदा ढवळा. दाराला आतून पाणी सुटतं? वाफ आहे, ते तसंच असतं, पुसून घ्या... तुम्हाला सांगतो, हे बोलून बोलून ती आतून अशी बधिर झाली, की पोंगलाच्या आधी चौथ्या मुलाकडून नकार आला तेव्हा रडणाऱ्या आईलाही तिनं तेच सांगितलं. ते तसंच असतं.

चैत्रात एक चिठ्ठी आली. हनुमंतराव, मेडिकल कॉलेज रस्ता, पेटी तापत नाही. आता तंजावुरात मराठी घरं ती किती, त्यात हनुमंतराव किती? हे तेच, चौथ्या मुलाचे वडील! त्यांच्या बायकोनं, नागलक्ष्मीनं, मुलगी बघायला येऊन भामाच्या हातची सोज्जी, म्हणजे रव्याचा गोड शिरा, दोनदा मागून खाल्ली आणि घरी जाऊन निरोप धाडला, की मुलीला स्वयंपाकात गती नाही. दुसरी कुणी असती तर ताप आला म्हणून घरी बसली असती. पण आणखी एक पेटी परत आली तर उद्यापासून येऊ नकोस, असं मालक म्हणाला होता. भामा गेली.

दार नागलक्ष्मीनंच उघडलं. ओळखीचं हसूसुद्धा नाही. मुद्दामच असेल, भामाला वाटलं, आणि मग काहीच वाटलं नाही. नागलक्ष्मी मात्र सुरू... दिवा लागतो, ताट फिरतं, घूं घूं करते, पण सांबार गार ते गारच. हे मात्र तसं नसतं. भामानं काचेच्या पेल्यात पाणी ठेवलं, दोन मिनिटं लावली, बोट घातलं. कोमट. मागे वाकून बघितलं, तर एकाच वायरीच्या डब्यावर फ्रिज, ही पेटी आणि इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर! पेटीला वीज पुरणार कुठून? तिनं पेटी ओढत नेऊन गीझरच्या मोठ्या प्लगला लावली. दोन मिनिटांत पाण्याला खळखळून उकळी.

नागलक्ष्मीनं पेल्याकडे बघितलं, मग भामाकडे. बराच वेळ.

"कुणाची गं तू? लग्न झालं का? आमच्या श्रीकरला मुलगी बघतोय."

"तुम्ही बघून गेलात, मामी. पोंगलाच्या आधी."

ती खरंच आठवू लागली हो... सोंग नव्हतं ते. इतकी घरं, इतक्या मुली, कुठली कुठली सोज्जी लक्षात ठेवायची?

"हो? मग काय ठरलं?"

"नको म्हणालात."

"का गं?"

"स्वयंपाकात गती नाही म्हणून."

"असेल, असेल," असं म्हणत नागलक्ष्मीनं दुकानाच्या कागदावर समाधानाची सही केली. भामाची नोकरी वाचली, तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चपलेत पाय घातला, तोच मागून हाक. पेटीबरोबर आलेलं पुस्तक उघडं धरून बाई उभी. हा केक तेवढा करून दाखवून जा, म्हणाली, श्रीकरला बघायला उद्या मुलीकडची माणसं येताहेत.

काय करणार? भामानं चप्पल काढली, आत आली, आणि विचारलं, "मैदा कुठे ठेवता, मामी?"