गळ्याचं बटण

...आणि हे सगळ्यात वरचं, गळ्याशी लावायचं बटण ज्याने शोधून काढलं ना, त्याला मला एकदा भेटायचंय. म्हणजे भांडायला नाही, नुसतं विचारायला, की बाबा रे, माणसाला श्वास घ्यावा लागतो हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का... अहो थांबा, बसू नका! आधी टॉवेल. खुर्चीवर आपापला टॉवेल पसरायचा आणि मग बसायचं, आमच्या क्लबात नियम म्हणावा असा हा एकच, बाकी सगळी मोकळीक. हां, आता बसा.

आणि चोरून कशाला बघताय, सरळ बघा की. एवढ्या उघड्या मंडळींत हा एकटा म्हातारा लांब बाह्यांचा शर्ट घालून का बसलाय, आणि बरं, शर्टाखाली काहीच का नाही, हेच ना मनात? तुम्हाला सांगतो, मी कॉलिन ट्रेलोर, या नदीकाठी राहायला आलो त्याला झाली अकरा वर्षं, आणि तेव्हापासून येईल त्या नवीन माणसाला मी एकच विचारत आलोय... कपड्यांनी कुणाचं भलं झालंय?

नाही, सांगा ना! इथं धुणं नाही, इस्त्री नाही, एक मोजा सापडला की दुसऱ्यासाठी पलंगाखाली शिरणं नाही. नदीत डुंबलात की जरा उन्हात उभे राहा, झालात कोरडे. कोण बँकेचा मॅनेजर आणि कोण मेंढ्या कातरणारा, दोघं शेजारी उभे राहिले तरी पत्ता लागत नाही. आता खिसा नाही ही अडचण आहे, चष्मा दिवसभर हरवतो, पण तो डोक्यावरच सापडतो. आणि सॉसेज भाजताना मात्र एप्रन बांधतो हं... तत्त्व वेगळं आणि उडती चरबी वेगळी.

माझी बहीण बेरिल, ती गावात राहते, तिला हे कधी पटलं नाही. माझी बायको जोन गेली तेव्हा बेरिल आली आणि नाक पुसत पुसत म्हणते, "कॉलिन, माझ्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे. चार माणसांसारखा राहा. चर्चमध्ये बायका विचारतात रे मला, भाऊ काय करतो, मी काय सांगू त्यांना?"

म्हटलं, "सांग, गुलाबांची बाग करतो."

"आणि तसल्या अवस्थेत कशी करतो म्हणाल्या तर?"

"जपून करतो म्हणावं."

बोलली नाही महिनाभर. पण मला सांगा, कपड्यांनी कुणाचं भलं झालंय?

तर आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी गोल होतो. आपलं ऊन कसं आहे, ते काय दयामाया दाखवणारं आहे? आणि स्वतःचा हात काही स्वतःच्या पाठीला पोचत नाही. म्हणून सगळ्यांनी गोलात उभं राहायचं आणि ज्याने त्याने पुढच्याच्या पाठीला सनस्क्रीन चोळायचं. जागा ठरलेल्या. माझ्या मागे नेरिडा, शाळेत भूगोल शिकवायची, हात असा खसाखसा चालतो की फळाच पुसतेय जणू. माझ्या खांद्याखाली एक तीळ होता, नकाशात ऑस्ट्रेलियाच्या खाली ते बेट लटकतं ना तसा, म्हणून त्याला ती पहिल्या दिवसापासून टास्मानिया म्हणायची. तर गेल्या वसंतात एका सकाळी तिचा हात थांबला.

"कॉलिन, तुझा टास्मानिया वाढलाय रे. किनारा वेडावाकडा झालाय आणि अर्धं बेट काळं पडलंय. डॉक्टरकडे जा."

म्हटलं, "अगं, सत्तरीनंतर जे नको तेच वाढतं."

दुसऱ्या दिवशी, "गेलास?" तिसऱ्या दिवशी तिच्या मागचाही, "गेला का हो हा?" मग तर अख्खा गोल, वीस माणसं, अंगावर सूत नाही कुणाच्या आणि एका सुरात, "कॉलिन, गेलास?" शेवटी नेरिडाने बाटलीचं झाकणच लावलं. "आजपासून तुझ्या पाठीला हात लावणार नाही. भाजून घे तिकडे."

गेलो! काय करतो?

डॉक्टर थिलिनी, तरुण पोरगी, फार गोड बोलते. "मिस्टर ट्रेलोर, शर्ट काढून बसा, हात धुऊन आलेच मी." आता आमच्या माणसाचा हात एकदा बटणांना लागला की तो थांबतो कुठे, सांगा! शर्ट गेला, पँट गेली, बाकीचंही गेलं, नीट घडी घातली, पिशवीतला टॉवेल खुर्चीवर पसरला, चष्मा लावला आणि मेंढ्यांच्या रोगांवरचं एक मासिक पडलं होतं ते वाचत बसलो. ती आली. दारातच उभी राहिली.

"मिस्टर ट्रेलोर... मी फक्त शर्ट म्हणाले होते."

"हो का?"

"आणि टॉवेल घरून आणलात?"

"म्हणजे काय, नेहमीच आणतो."

मग ती भिंग घेऊन मागे गेली... आणि पट्टी काढून तीळ मोजायला लागली. "हा बदललाय हे तुम्हाला कळलं कसं? पत्नीने पाहिलं?"

"नाही, पत्नी नाही आता. रोज सकाळी माझ्या मागे उभी असते, तिने पाहिलं."

कर्करोग होता. कातडीचा. वेळेत कापून काढला, आत खोलवर गेला नव्हता. ती म्हणाली, "आणखी सहा महिन्यांनी आला असतात तर मी हसून बोलत नसते." बाहेर येऊन गाडीत बसलो. मला बेरिलची ती मागची खोली आठवली. तिथे असतो तर रोज इस्त्रीचा शर्ट पाठीवर, आणि त्याच्या आत हे आपलं निवांत वाढत राहिलं असतं. एकट्या माणसाची पाठ कोण बघतो हो? जोन असती तर तिने पाहिली असती. रडलो, काय सांगू, अगदी हुंदके देऊन. माझी पाठ बघायला या जगात वीस माणसं होती.

पण डॉक्टरीणबाई काय साधी? "जखमेला ऊन लागता कामा नये. हा उन्हाळाभर शर्ट. गळ्यापर्यंत." मला! अख्ख्या क्लबात इस्त्री नाही, दोरीवर एकटा माझा शर्ट फडफडतो. तरी गोलात उभा राहतोच मी. नेरिडा मागे असतेच, चोळायला पाठ नाही तर ती कॉलर सरळ करते, मग पुढे येऊन हे गळ्याचं बटण स्वतः लावते. "काढलंस तर बघ," म्हणते.

आणि अकरा वर्षं मी इथे नागडा हिंडलो, कुणी मान वर करून पाहिलं नाही हो. आता शर्ट घालून चहाला निघतो तर सगळे वळून वळून बघतात... आणि तुम्हाला सांगतो, मी लाजतो.