गाठी कुठून मोजायच्या?

...आणि वर मलाच म्हणतात, "तू दोरे बांधलेस, म्हणून!" अहो, घसा फाटेस्तोवर सांगत होते, पण एकाचा म्हणून विश्वास नाही! चौथी शिकलेली बाई, तिनं मोटारीतलं काय सांगायचं? बरं, मोटारीला कळतं का, समोर चौथीवाली उभी आहे की मॅट्रिकवाला? तिला कळतं एवढंच, की कुठली वायर कुठं. आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मला विचारलं? नाही!

थांबा, नीट सांगते. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. हे म्हणजे एस्थरचे बाबा हो, आमच्या यहुदी लोकांतही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, त्याला चोवीस वर्षं झाली. तर ह्यांनी गेल्या साली एका डॉक्टरची जुनी मोटार घेतली. सारखी खोकते! मला एक कोडं आहे, इतकी वर्षं डॉक्टरच्या दारात राहून हिचा खोकला कसा गेला नाही?

आता रविवारी माझा भाऊ जुडाह उरणहून निघायचा होता. बायकामुलं घेऊन कायमचा, इस्रायलला. मोरा बंदरातून चारची लाँच आणि सोमवारी मुंबईहून मोठी बोट. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता, मीच वाढवला. आता पुन्हा दिसतो की नाही देव जाणे. गव्हाच्या चिकाचा हलवा केला, डबा फडक्यात बांधला आणि म्हटलं, अकराच्या एस्टीनं जाऊ. तर हे काय म्हणाले? "दारात मोटार असताना एस्टी? लोक हसतील! वाटेत जासईपाशी खोकते ना, नवे प्लग घालतो. तासाचं काम!"

तासाचं! ह्यांचा तास म्हणजे... जाऊ दे.

तर शेजारचे अय्यूबभाई आले, रॉकेलच्या दुकानवाले. तरुणपणी लॉरी चालवायचे, म्हणून मोठा हुद्दा. बॉनेट उघडलं आणि पान्यानं एकेक प्लग बाहेर. तुम्ही पाहिलाय प्लग? मी तोवर कधी पाहिला नव्हता. वर चिनी मातीची गोरी मान, खाली लोखंडी आटे, आणि टोकाला एवढासा वाकडा खिळा, काजळीनं काळा ठिक्कर. मी हातात घेतला. म्हटलं, "हा करतो काय?"

"ठिणगी पाडतो," हे म्हणाले.

"काडी कोण ओढतं?"

"वीज येते."

"मग पेट्रोलजवळ ठिणगी? आपण स्टोव्ह पेटवताना पदर सांभाळतो, आणि हे मुद्दाम आग लावतात? आणि एक विझल्यावर दुसरी कोण पेटवतं?"

"हॅना, तू आत जा!"

मी कसली जाते! अय्यूबभाई बिचारे समजुतीचे. म्हणाले, "भाभी, आत चार खाने आहेत. चारी खान्यांत बारी-बारीनं ठिणगी पडते. बारी चुकली की खेळ खलास."

हात्तिच्या! हे तर कांडण झालं! एका उखळाशी तिघी उभ्या राहून भात कांडतात, तेव्हा मुसळं आपापल्या पाळीनंच पडायला हवीत ना? पाळी चुकली की मुसळावर मुसळ आणि शिव्यांवर शिव्या. म्हणजे इंजिनात चार बायका कांडतात! इतकं सोपं, आणि ह्यांनी वर्षभर मला बॉनेटला हात लावू दिला नव्हता.

म्हणून मी म्हटलं, ज्या प्लगची वायर त्यालाच परत गेली पाहिजे. शिवणाच्या डब्यातला दोरा आणला. पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. हे हसले. "मोटारीला गंडे बांधतेस काय?" म्हटलं, हसा.

नवे प्लग बसले. मी आत वालाची आमटी वाढायला गेले. तेवढ्यात ह्यांनी गाठी मोजून वायरी लावूनसुद्धा टाकल्या. मला विचारलं? नाही!

जेवलो. मी नवी साडी नेसले, डबा मांडीवर घेऊन मागं बसले. ह्यांनी हँडल मारलं. फाट्ट! अहो, बंदूक म्हणावी असा बार! दारावरून रंभा कोळीण चालली होती, तिच्या टोपलीतले बोंबील रस्त्यावर. "आगं बाय! ही गारी हाय का तोफ हाय? माजा आर्धा धंदा मातीत ग्येला!"

पुन्हा हँडल. फाट्ट! पुन्हा. फाट्ट! हे म्हणाले, पेट्रोलात पाणी. अय्यूबभाई म्हणाले, प्लगच नकली. मी खाली उतरले, आत डोकावले, तर कडेची वायर लहान झालेल्या झबल्यासारखी ताणलेली! म्हटलं, "ही सकाळी सैल होती. ही इथली नाही."

"वायर काय आखडते? तुझ्या दोऱ्यांतून करंट बाहेर जातोय!" आणि ह्यांनी कात्रीनं माझ्या चारी गाठी कच्चकन कापल्या. विश्वास कोण ठेवतो! घड्याळात अडीच. एस्टी केव्हाच गेली. मला डोळ्यांसमोर तो मोऱ्याचा धक्का दिसायला लागला, आणि जुडाह, मान उंच करून बघणारा.

मग मी साडीचा पदर खोचला. म्हटलं, "एकच सांगा. पहिली वायर कुठली?"

दोघांनी बोट दाखवलं... उजवीकडची!

"उजवीकडची? का?"

"का म्हणजे? सुरुवात उजवीकडूनच!" हे म्हणाले. आदल्याच दिवशी, शनिवारी, सिनेगॉगमध्ये तास-दीड तास हिब्रू पोथी वाचून आले होते, ती उजवीकडून डावीकडे. आणि अय्यूबभाईंनी मान डोलावली, "वाजिब आहे, उजवीकडूनच." त्यांचं कुराण उजवीकडून, त्यांचं उर्दू उजवीकडून! दोन विद्वान एकाच बॉनेटखाली, आणि मी बापडी मराठी चौथी, बाराखडी डावीकडून गिरवलेली, गाठी डावीकडून बांधलेल्या!

"अहो, हे इंजिन आहे की प्रार्थनेचं पुस्तक?"

मी कोणाला विचारलं नाही. चारी वायरी उपटल्या. जी सैलपणे पोचेल ती तिची जागा, असं करत उलट्याच्या सुलट्या लावल्या. म्हटलं, "मारा हँडल." एका हँडलला सुरू! खोकला नाही की काही नाही! मला तर वाटलं, आत त्या चौघी कांडायला लागल्या... कान लावून ऐकत उभी राहिले असते, पण तीन वाजून गेले होते.

तुम्हाला सांगते, जासईपर्यंत मी श्वास घेतला नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर गाडी थांबली, मी डबा घेऊन धावले... आणि लाँच सुटलेली. मधे पंचवीस-तीस हात पाणी. कठड्याशी जुडाह. मला बघून हात हलवायला लागला, रडतोय की हसतोय कळेना. डबा फेकावा तर पोचत नाही, आणि इंजिनाच्या धडधडीत शब्द ऐकू येत नाही. किती बोलायचं ठरवलं होतं मी! मुलांना सांभाळ, थंडीत कान बांध, पत्र मराठीत लिही...

तो तोंडाशी हात धरून ओरडला, "ताई! उशीर कुणामुळं गं?"

हे माझ्यामागं उभे, हात प्लगच्या काजळीनं काळे, मान खाली. लाँच वळायला लागली. एकच शब्द पोचला असता. आणि चोवीस वर्षं गिळलेला तोच नेमका बाहेर आला, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा...

"सॉल!"