पाचातले तीन

सूर्यभान : ते सारं ठीक हाय, मॅडम. पन कर नाही त्याले डर कायले? खिडक्या कावून लावता मंग?

ज्योत्स्ना : सांगितलं ना भाऊ, तो उपक्रमाचा भाग आहे. नववीचा राज्यशास्त्राचा तास. आठवडाभर चालला, उद्या शेवटचा दिवस.

सूर्यभान : माही रागिणी त्याच नववीत हाय. पहिले शाळेतून आली की मायलेकीची टकळी बंद नाही व्हायची. आता इचारलं, आज काय शिकवलं, त म्हनते, ‘सांगता येत नाही बाबा, शपथ हाय.’ पोट्ट्यापोट्टीयले दार लावून शपथा देता, अन् मले म्हनता उपक्रम.

ज्योत्स्ना : काल हेडसर स्वतः येऊन बसले होते आत. त्यांना विचारा.

सूर्यभान : इचारलं. ते म्हने, मॅडमलेच इचारा. म्हंजे त्यायलेबी शपथ दिली तुमी.

ज्योत्स्ना : जो आत आला त्याला दिली.

सूर्यभान : बाप्पा. माह्या पुतन्याले, किशोरले पाठवलं होतं पाहाले. तो म्हने, काका, काचेले पुठ्ठे लावले हायेत आतून.

ज्योत्स्ना : पुठ्ठे तुमच्या किशोरमुळेच लावले. तास सुरू असताना खिडकीत तोंड घालून उभा होता.

सूर्यभान : हं. आडनाव काय म्हनलं तुमचं?

ज्योत्स्ना : म्हटलं नव्हतं. अन् तुम्हाला ते माहीत आहे, भाऊ. मी अकोल्याहून इथं रुजू झाले, त्याच दिवशी सगळ्या गावाला माहीत झालं. काय विचारायचं ते सरळ विचारा.

सूर्यभान : सरळच इचारून राहिलो. देवमननं पाठवलं का तुमाले?

ज्योत्स्ना : कोण देवमन?

सूर्यभान : वा. दोन सालापासून गावात शिकवता अन् देवमन माहीत नाही. ग्रामपंचायतीत एक पॅनल माहं, दुसरं त्याचं. मतदान तोंडावर आलं, अन् नेमकं याच आठवड्यात तुमी दार लावून पोट्ट्यायले मतं मोजाले शिकवून राहिल्या.

ज्योत्स्ना : मतं मोजायला? कोणी सांगितलं?

सूर्यभान : माह्या कानानं आयकलं. परवा रागिणी गच्चीवर येकटीच बोलून राहिली होती, मी जिन्यात उभा. म्हने, ‘आमच्याकडं इतके मानसं हायेत, ते आमच्या हिशेबात धरा, नाही त आमी उठून जातो.’ मी त गारच झालो. कोनतं घर कोनाच्या पाठीमागं हाय, कोनाच्या वावरात कोन जाते, हे लेकरायच्या तोंडून काढाचं अन् देवमनले नेऊन द्याचं. मांगच्या टाइमले मी थोडक्यात पडलो, मॅडम. दुधानं तोंड पोळलेला मानूस हाय मी. ताकबी फुकून पेतो.

ज्योत्स्ना : अहो, ते या गावाचं नव्हतंच. अमेरिकेचं होतं.

सूर्यभान : अमेरिकेचं.

ज्योत्स्ना : अडीचशे वर्षांपूर्वीचं म्हणा. इंग्रजांना हाकलून झालं होतं. पण तेरा राज्यं अन् तेरा तोंडं, कोणी कोणाचं ऐकेना. मग राज्य कसं चालवायचं ते लिहून काढायला राज्याराज्यांचे प्रतिनिधी एका शहरात जमले. भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून बसले, अन् नियम केला की आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्या मुलांनी तेच केलं. एकेक जण एकेका राज्याचा प्रतिनिधी.

सूर्यभान : दारं कावून लावले त्यायनं? चोरी करत होते का?

ज्योत्स्ना : मोकळं बोलता यावं म्हणून. सकाळी एक म्हटलं अन् दुपारी दुसऱ्याचं पटलं, तर मत बदलता यावं. बाहेर बभ्रा झाला की माणूस हट्टाला पेटतो. तुमच्या पॅनलची बैठक काय चौकात होते?

सूर्यभान : आमची गोठ येगळी. झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

ज्योत्स्ना : त्यांचंही तेच म्हणणं होतं.

सूर्यभान : बरं, मी म्हनतो, आपलं संविधान काय कमी पडलं? संविधान दिन आठ दिवसावर आला. तुमी तरी आपलं शिकवसान असं वाटलं होतं.

ज्योत्स्ना : ‘तुम्ही तरी’ म्हणजे?

सूर्यभान : काही नाही. सहज.

ज्योत्स्ना : सहज नाही, भाऊ. पण असू द्या. आपलं शिकवायचं म्हणूनच हे चाललंय. दरवर्षी मुलं उद्देशिका पाठ म्हणतात. तोंडानं समता म्हणतात, अन् मधल्या सुट्टीत डबे आपापल्यातच उघडतात. म्हटलं, आधी बिनसमतेची घटना यांच्याच हातानं करवून घ्यावी. कुठं दुखते ते कळू द्यावं. मग सव्वीस तारखेला आपली वाचू.

सूर्यभान : बिनसमतेची म्हंजे?

ज्योत्स्ना : दक्षिणेकडच्या राज्यांत गुलाम होते. विकत घेतलेली माणसं, मालकाच्या शेतात राबणारी. ज्या राज्यात जास्त माणसं, त्याला संसदेत जास्त जागा, असं ठरत होतं. मालक म्हणाले, मग आमचे गुलामही मोजा. उत्तरेकडचे म्हणाले, ज्यांना तुम्ही माणूस म्हणत नाही त्यांना मोजता कशाला? भांडूनभांडून तोडगा निघाला. पाच गुलाम असले की तीन मोजायचे.

सूर्यभान : पाचातले तीन. अन् ते तीन मत देनार?

ज्योत्स्ना : एकही नाही.

सूर्यभान : मंग मोजले कायले?

ज्योत्स्ना : मालकांच्या जागा वाढाव्या म्हणून.

सूर्यभान : हुशार होते लेकाचे. अन् आमची रागिणी यात कोन?

ज्योत्स्ना : चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तिला दक्षिण आली.

सूर्यभान : म्हंजे मालक. बरं हाय. अन् जाईबाईचा अश्विन? तोबी त्याच वर्गात हाय न?

ज्योत्स्ना : त्याला उत्तर आली.

सूर्यभान : पाहा. जाईबाईचा पोरगा माह्या पोरीच्या समोरासमोर उभा, अन् तुमी म्हनता चिठ्ठ्या. जाईबाई माह्या वावरात कापूस वेचाले येते, मॅडम. तिची सासूबी यायची. तिच्या भावकीतले चार घरं माह्या शब्दाबाहेर नाहीत. आता त्या पोट्ट्यानं भर वर्गात काय काय ओकलं ते मले माहीत पाहिजे.

ज्योत्स्ना : तुमच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

सूर्यभान : मंग सांगाले काय जाते तुमचं?

ज्योत्स्ना : शब्द जातो. मुलांनी पाळला अन् मीच मोडला, तर उद्या कोणत्या तोंडानं शिकवू?

सूर्यभान : इथीच पानी मुरून राहिलं. ठीक हाय. मंग माहाबी शब्द आयका. रागिणीचा दाखला काढून द्या. ती अंजनगावले जाईन, मामाच्या घरी. तथीबी शाळा हाय, उघड्या खिडक्याची.

ज्योत्स्ना : वर्षाच्या मधात? कावून असे करून राहिले भाऊ? तिला विचारलं का?

सूर्यभान : पाहा, राग आला की तुमीबी आमच्यासारखंच बोलता. तिले काय इचाराचं? लेकरू हाय.

ज्योत्स्ना : बाहेर उभी आहे कधीची. रागिणी, ये आत.

रागिणी : बाबा, मी अंजनगावले नाही जात. मले इथीच शिकायचं हाय.

सूर्यभान : मंग सांग. काय बोलली तू त्या बंद खोलीत?

रागिणी : मॅडम, फक्त माहं सांगू? दुसऱ्या कोणाचं नाही.

ज्योत्स्ना : तुझं तू सांगू शकतेस. सांगायचं असेल तर.

रागिणी : मी मालक होती. मी उभी राहून म्हणलं, ‘हे मानसं आमच्या भरवशावर जगतात. त्यायच्या घरी मयत झाली त लाकडं आमी देतो. लेकरू आजारी पडलं त गाडी आमची निंगते. खाल्ल्या मिठाले मानूस जागतेच. मंग त्यायचं मत येगळं कुठून येईन? त्यायले कायले इचारता? मले इचारा, अन् माह्या हिशेबात धरा.’ सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. माह्याच बोलण्यावर ते पाचातले तीन पास झाले. मी जिंकली, बाबा.

सूर्यभान : हे तुले कोनं शिकवलं? मॅडम, हे तुमी लिहून दिलं इले.

ज्योत्स्ना : मी एक अक्षर दिलं नाही. उलट मीच तिला विचारलं, एवढं पक्कं कुठून आणलंस म्हणून. मला वाटलं मोबाईलवर पाहिलं असेल.

रागिणी : मी म्हणलं, मनातलं हाय.

सूर्यभान : रागिणी.

रागिणी : मले काही आठवावं नाही लागलं. मांगच्या निवडणुकीत तुमी अंगणात बसून पॅनलच्या लोकायले हेच सांगत होते. मी चहा घेऊन आली होती.

सूर्यभान : ते राजकारनातलं बोलनं हाय, बेटा. त्याचं अन् शाळेचं काय?

रागिणी : मले तवा चांगलंच वाटलं होतं. माहे बाबा सगळ्यायचं पाहतात, असं वाटलं. वर्गातबी चांगलंच वाटलं, टाळ्या वाजत होत्या तोपर्यंत. मंग अश्विन उठला. तो बोलला, अन् मले माहीच लाज वाटली.

सूर्यभान : हां. काय म्हनला तो?

रागिणी : ते नाही सांगत.

सूर्यभान : माहं नाव घेतलं?

रागिणी : नाही सांगत बाबा.

सूर्यभान : आयक. दाखला नाही काढत. मामाकडं नाही पाठवत. दहावीबी इथीच कर, म्हनशीन त पुढं अकोल्याले शिकवतो. फक्त त्या पोट्ट्यानं काय म्हनलं तेवढं सांग.

ज्योत्स्ना : भाऊ, हे बरोबर नाही करून राहिले तुम्ही.

सूर्यभान : तुमी मधात नोका बोलू. मी माह्या लेकीसंग बोलून राहिलो. सांग रागिणी.

रागिणी : सांगतलं त तुमी काय करसान?

सूर्यभान : मी काय करनार? माहीत असलेलं बरं, एवढंच.

रागिणी : उद्यापासून जाईकाकूले वेचाले बोलावणार नाही.

सूर्यभान : कोन म्हनते असं?

रागिणी : पोळ्याच्या आंधी आपल्या वावरात कामाले येणारे चंदनकाका देवमनच्या गाडीवर बसून बाळापूरले बाजाराले गेले होते. तवापासून त्यायले तुमी फवारणीले नाही बोलावलं. आईनं इचारलं, त तुमी म्हणले, काही नाही, असंच.

सूर्यभान : तुले काय समजते त्यातलं?

रागिणी : मले एवढंच समजते की अश्विन आमच्यावर भरवसा ठेवून बोलला. आता जाईकाकूचं काम गेलं, त ते माह्या तोंडानं गेलं. मी नाही सांगत. दाखला काढा बाबा. जाते मी मामाकडं.

(रागिणी दप्तर उचलते.)

ज्योत्स्ना : रागिणी, तुला जायचं नसेल तर वर्गशिक्षिका म्हणून मी त्या दाखल्यावर सही करणार नाही. काय व्हायचं ते होवो.

रागिणी : करा मॅडम. फक्त उद्याचा एक दिवस येऊ द्या. उद्या वर्गात केलेल्या घटनेवर सह्या हायेत.

सूर्यभान : आता हे सह्यायचं काय?

ज्योत्स्ना : शेवटच्या दिवशी प्रत्येकानं येऊन सही करायची. ज्याला पटलं नसेल त्यानं नाही केली तरी चालते. तिकडंही शेवटपर्यंत बसलेल्या तिघांनी केली नव्हती.

सूर्यभान : ही त करनारच. हिच्याच बोलन्यावर पास झालं.

रागिणी : मी नाही करणार.

सूर्यभान : जिंकूनबी?

रागिणी : हाव.

सूर्यभान : अन् कारन काय सांगशीन साऱ्यायले? बापाचं नाव घेशीन?

रागिणी : नाही बाबा. ते बोलणं तुमचं होतं हे मी आजपावतो कोणालेच नाही सांगतलं. मॅडमलेबी आताच समजलं, तुमच्यासमोर.

ज्योत्स्ना : खरं आहे, भाऊ.

रागिणी : अश्विनचं तुमाले नाही सांगतलं, तसंच तुमचं त्यायले नाही सांगतलं.

सूर्यभान : आपलेच दात अन् आपलेच ओठ. कोनाले बोलावं आता? मॅडम, खरं सांगा, तुमी देवमनकडच्या नाही न?

ज्योत्स्ना : माझं मतच या गावात नाही, भाऊ. माझं नाव अकोल्याच्या यादीत आहे. देवमन दिसतो कसा तेही मला माहीत नाही.

सूर्यभान : दिसाले बरा हाय. तेवढंच हाय त्याच्यात. दाखला राहू द्या सध्या. सध्या म्हनलं मी, ध्यानात ठेवा.

ज्योत्स्ना : ठेवते.

सूर्यभान : अन् मी पडलो त तुमचंच नाव घेईन, सांगून ठेवतो. रागिणी, तुह्या आईले सांग, मले जेवाले उशीर होईन. जाईबाईच्या घरी जाऊन येतो.

रागिणी : कायले? बाबा, अश्विनले काही नोका म्हणू.

सूर्यभान : अश्विनले कोन म्हनते? जाईबाईले मत मांगाचं हाय.

रागिणी : ती त आपल्यालेच देते न?

सूर्यभान : देत असन. मी कधी मांगतलंच नाही.

रागिणी : अन् नाही म्हणली त?

सूर्यभान : नाही म्हनली त नाही म्हनली. उद्या वेचाले येजो, एवढं सांगून येतो.