निळा फायटर

आखातातल्या कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघं रत्नागिरीकडचे. धाकट्याच्या मांडीवर पाण्याची पिशवी.

“मुदस्सिर, परत निळाच फायटर मासा?”

“आधीचा मेला, चाचा. बाऊलमध्ये थेट नळाचं पाणी घातलं.”

“अरे येड्या, जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाचं आधण! बादलीत निववून घालायचं.”

“आता कळलं.”

“जोडीला आणखी एक घ्यायचास.”

“भांडून मरतात. एकटाच ठेवावा लागतो.”

“लेकीला सांगितलंस?”

“कसं सांगू? गावाला जाताना हिबा माझ्यावर सोपवून गेली होती.”

“मग हा कशाला? तिला तिथून थोडाच दिसतोय?”

“दर जुम्म्याला फोनवर विचारते, अब्बा, तो आत्ता काय करतोय?”

“द्यायचं काहीतरी ठोकून.”

“रिकाम्या बाऊलकडं बघून काहीच सुचत नाही, चाचा.”